वळणाची किंमत : गेममधली डॉगफाइट आणि १९६५चं आकाश

ऑनलाइन विमानयुद्धाच्या गेममध्ये नवा खेळाडू मरतो, तो बहुतेक वेळा वळता वळता मरतो.

मागे शत्रू लागतो. खेळाडू घाबरून स्टिक पूर्ण ओढतो. फोनवर असेल तर अंगठा टोकापर्यंत नेतो. विमान आडवं होऊन गर्रकन वळतं. पहिल्या वर्तुळात शत्रूचा नेम चुकतो, त्यामुळे हुरूप येतो. मग दुसरं वर्तुळ, मग तिसरं. कोपऱ्यातला वेगाचा आकडा ६००वरून ४००वर, ४००वरून २५०वर येतो, पण तिकडे बघायला सवड कुणाला असते? शत्रू मात्र दुसऱ्या वर्तुळातच वळणं सोडून सरळ वर निघून गेलेला असतो. आता तो निवांतपणे उलटा होऊन खाली येतो. खालचं विमान इतकं मंदावलंय की त्याला पळता येत नाही, चढता येत नाही आणि धड वळताही येत नाही. एक फैर, आणि खेळ संपला.

जुने खेळाडू मग चॅटमध्ये एकच सल्ला देतात : उगाच वळू नकोस, वेग सांभाळ.

‘वॉर थंडर’ किंवा ‘डीसीएस’ खेळणाऱ्या कुणालाही हा धडा एका संध्याकाळीत मिळतो. सांगलीच्या वालचंद कॉलेजच्या होस्टेलवर मिळतो, साताऱ्यात मिळतो, इस्लामपुरात मिळतो. पण हा धडा गेम बनवणाऱ्यांनी शोधलेला नाही. खऱ्या आकाशात, खऱ्या माणसांनी त्याची किंमत मोजली आहे. स्वतंत्र भारताच्या हवाई दलाने हवाई लढाईतली पहिली मोठी किंमत मोजली ती १ सप्टेंबर १९६५च्या संध्याकाळी, आणि विमानं पाठवण्याचा त्या दिवशीचा हुकूम आपल्याच भागातल्या माणसाने दिला होता. देवराष्ट्रे गावात जन्मलेल्या यशवंतराव चव्हाणांनी.

वळण म्हणजे नेमकं काय

पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी घाट लागतो. तिथल्या वळणावर गाडी हळू करावी लागते हे सगळ्यांना माहीत आहे. वेग जास्त असेल तर गाडी बाहेर फेकली जाते. विमानाचंही तसंच आहे, फक्त त्याच्या चाकांखाली रस्ता नसतो. गाडीला टायर वळवतात, विमानाला त्याचे पंख वळवतात. पायलट विमान एका कुशीवर झुकवतो आणि स्टिक मागे ओढतो. पंखांची वर उचलणारी ताकद आता तिरकी होते आणि विमानाला वर्तुळात खेचू लागते.

ही खेच ‘जी’मध्ये मोजतात. सरळ उडताना १ जी. विमान ६० अंशांवर झुकवून उंची न गमावता वळलं तर २ जी. ४ जीचं वळण घ्यायचं तर साधारण ७५ अंश झुकावं लागतं, म्हणजे विमान जवळपास उभंच राहतं.

आता एक साधं गणित. ताशी ५४० किलोमीटर वेगाने ४ जीचं वळण घेतलं तर वर्तुळाची त्रिज्या साधारण ६०० मीटर होते आणि पूर्ण फेरीला २५ सेकंद लागतात. वेग दुप्पट, म्हणजे १०८० केला आणि खेच तेवढीच ठेवली, तर त्रिज्या दुप्पट होत नाही, चौपट होते. जवळजवळ २४०० मीटर. फेरीला ५० सेकंद लागतात. म्हणून वेगवान विमान मंद विमानाच्या मागे वर्तुळात शिरलं की बाहेर भिरकावलं जातं. नव्या खेळाडूला पहिल्या वर्तुळात जो हुरूप येतो तो यामुळेच.

मग हळू जाणारं विमानच जिंकायला हवं. तसं होत नाही, कारण प्रत्येक वळण वेग खातं. स्टिक जितकी जोरात ओढाल तितका पंखांवर हवेचा अडथळा वाढतो. इंजिनाला तो भरून काढता आला नाही तर वेग घटतो, किंवा वेग राखायला उंची द्यावी लागते. उंची ही साठवलेली गतीच असते. वर असलेलं विमान सूर मारून ती कधीही वेगात बदलू शकतं. खाली मंद झालेल्या विमानाकडे बदलायला काहीच उरत नाही.

सातारा-सांगलीच्या वाचकाला हे कुस्तीच्या भाषेत पटकन कळेल. नवखा पैलवान पहिल्या दोन मिनिटांत सगळे डाव टाकतो आणि दम घालवून बसतो. मुरलेला पैलवान त्याला फिरू देतो, झटू देतो, आपला दम राखतो आणि मग एकाच डावात चीत करतो. हवाई लढाईत वेग आणि उंची मिळून जे होतं, तो विमानाचा दम. वळण हा डाव. दम संपल्यावर डाव कितीही येत असले तरी उपयोग नसतो.

फ्रान्स ते ब्रह्मदेश

हे शहाणपण पहिल्या महायुद्धात हळूहळू जमा झालं. जर्मन वैमानिक ओस्वाल्ड ब्योल्के याने १९१६मध्ये हवाई लढाईचे काही नियम लिहून काढले. हल्ल्याआधी वरचढ जागा मिळव, सूर्य पाठीशी ठेव, जवळ गेल्यावरच गोळी झाड, शत्रू अंगावर सूर मारून आला तर पळू नकोस, त्याच्याकडे तोंड कर. शंभराहून जास्त वर्षं झाली, पण आजही कुठल्याही गेमचा मार्गदर्शक उघडा. शब्द बदललेले असतील, नियम तेच असतील.

त्या युद्धात मोजके भारतीयही लढाऊ विमानं उडवत होते. कोलकात्याचा इंद्रलाल रॉय त्यातला सर्वांत यशस्वी. १९१८च्या जुलैत अवघ्या काही दिवसांत त्याच्या नावावर दहा विजय जमा झाले आणि त्याच महिन्यात तो मारला गेला. त्याच्या आदल्याच महिन्यात मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर ‘सॉपविथ डॉल्फिन’ विमानातून गस्तीवर गेले आणि परतले नाहीत. फ्रान्समधल्या हँगार्डच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे. मराठी माणूस आणि डॉगफाइट यांचा संबंध इतका जुना आहे.

दुसऱ्या महायुद्धात हा धडा पुन्हा नव्याने शिकावा लागला. जपानची लढाऊ विमानं अत्यंत हलकी होती. त्यांच्याशी वळणाच्या लढाईत उतरणारा अमेरिकन किंवा ब्रिटिश वैमानिक सहसा परत येत नसे. मग सूचना निघाल्या : जपानी विमानाबरोबर वळू नका, वरून सूर मारा, गोळ्या झाडा आणि तसेच पुढे निघून जा. चीन आणि ब्रह्मदेशात अमेरिकन क्लेअर शेनॉल्टने आपल्या वैमानिकांना हेच पढवलं. गेमच्या भाषेत याला ‘बूम अँड झूम’ म्हणतात. ब्रह्मदेशच्याच आघाडीवर भारतीय स्क्वाड्रन्सही लढत होत्या. तिथे उडणारा एक तरुण मराठी वैमानिक, हृषीकेश मुळगावकर, पुढे १९७६मध्ये भारताचा हवाई दलप्रमुख झाला.

दुपारचे चार, साउथ ब्लॉक

यशवंतराव चव्हाणांचा जन्म १२ मार्च १९१३चा. देवराष्ट्रे तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, आज सांगली जिल्ह्यात आहे. त्यांचं राजकारण कराडात घडलं. १९४२च्या चळवळीत ते भूमिगत होते. १ मे १९६० रोजी ते महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले. त्यांच्याच काळात, २३ जून १९६१ला, साताऱ्यात देशातली पहिली सैनिक शाळा सुरू झाली. १९६२मध्ये चीनकडून पराभव झाल्यावर नेहरूंनी त्यांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावलं. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला गेला, असं महाराष्ट्रात तेव्हापासून म्हटलं जातं.

१ सप्टेंबर १९६५च्या पहाटे पाकिस्तानी रणगाडे छांब भागात घुसले. त्यांचा रोख अखनूरच्या पुलाकडे होता. तो पूल गेला असता तर जम्मूच्या पश्चिमेकडची भारतीय फौज एकटी पडली असती. दुपारी चारच्या सुमारास लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि हवाई दलप्रमुख अर्जन सिंग चव्हाणांकडे आले. भूदलाला हवाई मदत हवी होती. काश्मीरच्या या संघर्षात हवाई दल अजून उतरलेलं नव्हतं. ते उतरवणं म्हणजे युद्धाची पायरी ओलांडणं. चव्हाणांनी काही मिनिटांत होकार दिला.

सव्वापाचच्या सुमारास पठाणकोटहून विमानं निघाली. ती होती ‘व्हॅम्पायर’ आणि ‘मिस्टेअर’. आधी व्हॅम्पायर पाठवली गेली.

व्हॅम्पायर हे भारताचं पहिलं जेट विमान, १९४८ पासूनचं. त्याचं मूळ उड्डाण १९४३चं. वेग ताशी नऊशे किलोमीटरच्या आतबाहेर. गंमत म्हणजे ते वळायला अतिशय चांगलं होतं. हलकं, रुंद पंखांचं. मंद वेगात ते छोट्या वर्तुळात फिरू शकत असे. कागदावर कुणी विचारलं असतं की व्हॅम्पायर आणि सेबर यांत घट्ट वळण कुणाचं, तर उत्तर बहुधा व्हॅम्पायर असंच आलं असतं.

पण त्या संध्याकाळी व्हॅम्पायर जमिनीलगत रणगाडे शोधत होती. उंची नाही, वेग नाही, आणि वैमानिकांचं लक्ष खाली. अमेरिकन बनावटीची दोन पाकिस्तानी सेबर वरून आली. स्क्वाड्रन लीडर सरफराज रफीकी आणि फ्लाइट लेफ्टनंट इम्तियाझ भट्टी. वेग त्यांच्याकडे होता, म्हणून कधी यायचं आणि कधी निघून जायचं हे ठरवण्याचा हक्कही त्यांच्याकडे होता. त्या संध्याकाळी भारताने चार व्हॅम्पायर गमावली. त्यांतली सेबरनी किती पाडली आणि जमिनीवरच्या माऱ्याने किती, याबद्दल दोन्हीकडचे हिशेब वेगळे आहेत. फ्लाइट लेफ्टनंट भगवागर, जोशी आणि भारद्वाज परत आले नाहीत. त्यानंतर व्हॅम्पायर आघाडीवरून मागे घेण्यात आली.

मग चव्हाणांचा निर्णय चुकला का? छांबच्या सैनिकाला विचारलं तर त्याला त्या क्षणी डोक्यावर आपलं कुठलंही विमान हवं होतं. निर्णय उद्यावर ढकलता येण्यासारखा नव्हता. पठाणकोटला जे तयार होतं तेच पाठवता येणार होतं. अंधार पडायला जेमतेम दीड-दोन तास होते. या सगळ्या गोष्टी खऱ्या आहेत, आणि तीन वैमानिक गेले हेही खरं आहे. चव्हाणांच्या युद्धकाळातल्या डायरीवर आधारलेलं पुस्तक त्यांचे तेव्हाचे खासगी सचिव राम प्रधान यांनी पुढे २००७मध्ये प्रसिद्ध केलं. युद्धाचा निर्णय घेणाऱ्या मंत्र्याच्या मनात त्या दिवसांत काय चाललं होतं हे ज्याला जाणून घ्यायचंय त्याने ते वाचावं.

गेम खेळणाऱ्याने या संध्याकाळीतून एक गोष्ट उचलावी. घट्ट वळता येणं हा गुण आहे, पण वेग असलेला प्रतिस्पर्धी तुम्हाला तो गुण वापरायची संधीच देत नाही.

छोटं विमान

दोनच दिवसांत, ३ सप्टेंबरला, हवाई दलाने डाव बदलला. सेबरसमोर आता ‘नॅट’ येणार होतं.

नॅट हे ब्रिटिश कंपनी फोलंडचं विमान, पण भारतासाठी ते बंगळुरूत बांधलं जात होतं, हिंदुस्तान एअरोनॉटिक्समध्ये. हा कारखाना १९४०मध्ये सुरू केला सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. सांगलीचं इंजिनिअरिंग कॉलेज ज्यांच्या नावाने ओळखलं जातं तेच हे वालचंद. आज त्या कॉलेजच्या होस्टेलवर कुणी लॅपटॉपवर सेबर उडवत असेल, तर कॉलेजच्या पाटीवर ज्याचं नाव आहे त्याच्या कारखान्याने सेबरला उत्तर देणारं विमान बांधलं होतं, हे त्याला ठाऊक असायला हरकत नाही.

नॅट होतं चिमुकलं. पंखांचा विस्तार जेमतेम पावणेसात मीटर. सेबरचा अकरा मीटरच्या पुढे. आकाशात ते दिसायचंच नाही. वजन कमी आणि इंजिन त्या मानाने दणकट, त्यामुळे ते सरसर चढायचं आणि वळणात गेलेला वेग लवकर भरून काढायचं. खोटही मोठी होती. त्याच्या ३० मिलिमीटरच्या तोफा ऐन वेळी अडकायच्या.

३ सप्टेंबरच्या सकाळी चार मिस्टेअर मुद्दाम उंचावरून, शत्रूच्या रडारला दिसतील अशी गेली. नॅट विमानं मात्र जमिनीलगत, रडारच्या नजरेखालून. पाकिस्तानी विमानं मिस्टेअरच्या अंगावर निघाली. मिस्टेअर खाली वळून परत फिरली आणि नॅट वर चढली. गनिमी काव्याच्या गोष्टी ऐकत मोठे झालेल्या वाचकाला हे वेगळं समजावायला नको. त्या झटापटीत ट्रेव्हर कीलर एका सेबरच्या मागे लागला आणि जवळून फैर झाडली. दुसऱ्या दिवशी पठानियाने आणखी एका सेबरवर विजय नोंदवला. दोघांनाही वीरचक्र मिळालं.

पण त्याच ३ सप्टेंबरला स्क्वाड्रन लीडर सिकंद यांचं नॅट पाकिस्तानात पसरूरच्या धावपट्टीवर उतरलं आणि पकडलं गेलं. ते आजही कराचीच्या हवाई दल संग्रहालयात आहे. आणि कीलरचं सेबर? पाकिस्तानचं म्हणणं असं की ते जबर जखमी झालं, पण त्याच्या वैमानिकाने ते परत नेऊन उतरवलं.

गेममध्ये किल झाला की लगेच स्क्रीनवर नाव येतं. वाद नाही, शंका नाही. खऱ्या हवाई युद्धात सगळं काही सेकंदांत, ताशी शेकडो किलोमीटर वेगाने घडतं. धूर सोडत खाली गेलेलं विमान पडलं की घरी पोचलं, हे झाडणाऱ्याला बघायला वेळ नसतो. म्हणून १९६५च्या आकाशाचे दोन हिशेब आहेत, आणि साठ वर्षांनंतरही ते जुळत नाहीत.

मंद विमानाने वेगवान विमानाला गाठलं तेव्हा

वळणाची सगळ्यात विलक्षण कहाणी ७ सप्टेंबरची आहे. त्या सकाळी मिस्टेअर विमानं सरगोध्याच्या पाकिस्तानी तळावर हल्ल्याला गेली. कोडगूचे स्क्वाड्रन लीडर देवय्या राखीव म्हणून होते. कुणी मागे राहिलं तरच त्यांनी जायचं होतं. तशी वेळ आली आणि ते गेले.

परतीच्या वाटेवर पाकिस्तानचं ‘स्टारफायटर’ त्यांच्या मागे लागलं. स्टारफायटर ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडणारं, बाणासारखं विमान. पंख इतके तोकडे की वळणं हा त्याचा प्रांतच नव्हे. त्याच्या वैमानिकाने, अमजद हुसेनने, वरून यावं, झाडावं आणि निघून जावं, यात त्याचा फायदा होता. देवय्यांचं विमान त्याच्या माऱ्यात सापडलंही. पण पुढे स्टारफायटर मिस्टेअरशी मंद वेगातल्या, वळणाच्या लढाईत गुंतलं. म्हणजे ज्या आखाड्यात आपण दुबळे आहोत त्याच आखाड्यात उतरलं. अखेर दोन्ही विमानं गेली. अमजद हुसेन बाहेर उडी मारून वाचला. देवय्या पाकिस्तानच्या भूमीवर मृत्यू पावले.

भारतात कुणालाच हे माहीत नव्हतं. देवय्या परतले नाहीत, एवढीच नोंद होती. १९७९मध्ये ब्रिटिश लेखक जॉन फ्रिकरचं पाकिस्तानी हवाई दलावरचं पुस्तक आलं आणि त्यातून स्टारफायटर एका मिस्टेअरशी लढताना पडलं हे समोर आलं. ते मिस्टेअर कुणाचं, याचा भारतात शोध घेतला गेला. १९८८मध्ये देवय्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. लढाईनंतर तेवीस वर्षांनी.

आता वर मांडलेल्या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. १ तारखेला वेगवान विमानांनी मंद विमानांना वळू दिलंच नाही, आणि जिंकली. ७ तारखेला वेगवान विमान मंद विमानाबरोबर वळायला बसलं, आणि गेलं. नियम दोन्हीकडे एकच आहे.

तळांवरून फोनपर्यंत

याच सुमाराला अमेरिकेत जॉन बॉइड नावाचा हवाई दल अधिकारी हा नियम गणितात बसवत होता. थॉमस ख्रिस्ती या गणितज्ञाबरोबर त्याने १९६४मध्ये एक अहवाल तयार केला. कुठल्या वेगाला, कुठल्या उंचीवर, किती जी ओढल्यास विमान दम कमावतं आणि किती ओढल्यास गमावतं, याचे आलेख त्यात होते. दोन विमानांचे आलेख एकमेकांवर ठेवले की कुठे लढायचं आणि कुठून पळायचं हे दिसायचं. नंतरची अनेक लढाऊ विमानं या विचारातून घडली. असे आलेख तेव्हा गोपनीय असत.

१९८५मध्ये रॉबर्ट शॉ या अमेरिकन नौदल वैमानिकाने हवाई डावपेचांचं एक जाडजूड पुस्तक लिहिलं. ते वैमानिकांनी वाचलंच, पण त्याहून जास्त आवडीने वाचलं ते संगणकावर विमानं उडवणाऱ्यांनी. त्याच दशकाच्या अखेरीस ‘एअर वॉरियर’ हा गेम ऑनलाइन आला. लोक टेलिफोनच्या तारेवरून, तासाला पैसे मोजून एकमेकांशी लढू लागले. १९९८मध्ये ‘फाल्कन ४.०’, २००१मध्ये ‘आयएल-२ स्टुर्मोविक’, २०१२मध्ये ‘वॉर थंडर’. प्रत्येक गेमबरोबर पंख, वजन आणि हवा यांचं गणित अधिक खरं होत गेलं.

त्यामुळे आज अशी गंमत झाली आहे की १९६५मध्ये स्क्वाड्रनच्या खोलीत दार लावून शिकवलं जायचं ते कराडचा अकरावीतला मुलगा सहज सांगतो. ‘हाय यो-यो’ म्हणजे काय? पुढचा जास्त घट्ट वळतोय आणि आपण बाहेर फेकले जातोय, तर त्याच्याबरोबर ओढत बसू नकोस. वर चढ. वेगाची उंची कर, वरून त्याच्या वर्तुळाचा कोपरा काप, आणि सूर मारून पुन्हा त्याच्या मागे ये. ‘सिझर्स’ म्हणजे? दोघं एकमेकांना पुढे ढकलण्यासाठी नागमोडी वळतात; जो आधी पुढे सरकला तो हरला. ‘लॅग’ म्हणजे? नाक शत्रूच्या थोडं मागे ठेवायचं, घाई करायची नाही, दम राखायचा.

गेम काय सांगत नाही

भूमितीच्या बाबतीत चांगला गेम खोटं बोलत नाही. शरीराच्या बाबतीत मात्र तो फार कमी सांगतो.

६ जीच्या वळणात ७० किलोच्या माणसाचं वजन ४२० किलो होतं. मान वळवून मागे बघायचं तर हेल्मेटसकट डोकं चाळीसेक किलोचं झालेलं असतं. रक्त डोक्यातून पायाकडे उतरतं. आधी रंग जातात, मग कडेने अंधार येतो, मग दिसणंच बंद होतं. गेममध्ये यासाठी स्क्रीनच्या कडा काळ्या होतात आणि दोन सेकंदांत उजळतात. खऱ्या कॉकपिटमध्ये वैमानिक पायांचे आणि पोटाचे स्नायू आवळून, दात-ओठ खाऊन ते रक्त वर ढकलत असतो आणि त्याच वेळी मागचा शत्रू शोधत असतो. फ्यूएलच्या काट्यावरही नजर हवी. परतीच्या फ्यूएलचा हिशेब चुकला तर जिंकलेली लढाईही हरतो.

आणि गेममध्ये दुसरं विमान मिळतं. सोप्या मोडमध्ये काही सेकंदांत, कठीण मोडमध्ये पुढच्या मॅचला. म्हणूनच तिथे धडा स्वस्तात मिळतो : शंभर वेळा चुका, एकशे एकाव्यांदा शिका. छांबवर गेलेल्या तिघांना एकच वेळ मिळाली होती. त्यांच्या हातून वळण चुकलं असंही नाही. त्यांना दिलेलं काम, दिलेलं विमान आणि दिलेली वेळ अशी होती की वरून कुणी आलं तर वळून सुटण्याइतका दम शिल्लकच नव्हता.

म्हणून गेम खेळू नये असं मुळीच नाही. उलट, इतिहासाच्या पुस्तकात ‘चार व्हॅम्पायर पडली’ हे एका ओळीत येतं आणि आपण पुढे जातो. ज्याने जमिनीलगत, मंद विमानात असताना वरून आलेला शत्रू अनुभवलाय, मग तो फोनवर का असेना, त्याला ती ओळ वाचताना काय घडलं हे कळतं. तिथे किती कमी पर्याय होते हे कळतं. पठाणकोटहून निघालेल्या वैमानिकांना आणि साउथ ब्लॉकमध्ये होकार देणाऱ्या मंत्र्याला समजून घ्यायला तेवढं कळणंही बरंच आहे.

‘वॉर थंडर’च्या यादीत सेबर आहे, हंटर आहे, मिग-२१ आहे. पुढच्या वेळी त्यातलं एखादं निवडाल, मागे कुणीतरी लागेल आणि अंगठा आपोआप टोकाकडे जाईल, तेव्हा कोपऱ्यातल्या वेगाच्या आकड्याकडे बघा. त्यातला थोडा शिल्लक ठेवा.